ठळक न झालेले आकडे

"किती वय म्हणालात?"

डॉक्टरांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. मी पडद्याच्या अलीकडे स्टुलावर बसले होते. गोव्यात फोंड्यातलं सोनोग्राफी सेंटर, बाहेर मे महिन्याचा उकाडा आणि आत एसीचा गारठा. फुटबॉल खेळताना धाकट्या भावाची पोटरी दुखावली होती. दोन दिवसांनी ती सुजून गरम लागायला लागली, तेव्हा शिरेत रक्ताची गुठळी तर नाही ना हे पाहायला डॉपलर करायला सांगितलं होतं. त्याला गाडी चालवता येत नव्हती म्हणून मी सोबत. मशीनमधून रक्ताचा आवाज येत होता, हुश्श, हुश्श, कुणी दमून श्वास घेतल्यासारखा. "चव्वेचाळीस," धाकटा म्हणाला. मग बराच वेळ आत कुणी काही बोललं नाही, फक्त की-बोर्डची टकटक. गुठळी नव्हती. पोटरीचा स्नायू जरासा फाटला होता, विश्रांतीने भरून येणारा. पण जांघेत शिरेला खेटूनच मोठी धमनी जाते, आणि तिच्या भिंतीत डॉक्टरांना काहीतरी दिसलं होतं. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत त्यांनी ते लिहून टाकलं: छोटा प्लाक (भिंतीतला चरबीचा साठा), रक्तप्रवाहाला अडथळा नाही. ज्यासाठी गेलो होतो त्याच्याशी या ओळीचा काही संबंध नव्हता. दुसरं कुणी ती लिहिली नसती तरी चाललं असतं. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

गाडीत बसताना धाकटा म्हणाला, "ताई, गुठळी नाही ना? मग झालं तर." मलाही ते 'झालं' असंच हवं होतं. पण वय पुन्हा विचारताना डॉक्टरांच्या आवाजात जो बदल झाला, तो माझ्या डोक्यातून जाईना. धाकटा आमच्या घरातला धडधाकट माणूस. भातकापणी झाली की शेतात रोवलेल्या बांबूंच्या गोलपोस्टमध्ये आजही पोरांच्या बरोबरीने खेळणारा. विडी-सिगारेट नाही, लग्नाकार्यात एखादी बिअर. त्याच्या कारखान्यात वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी होते, आणि फेब्रुवारीतला रिपोर्ट त्याने घरच्या ग्रुपवर टाकला होता. रिपोर्टातला जो आकडा मर्यादेबाहेर जातो तो ठळक अक्षरांत छापलेला असतो. त्याच्या रिपोर्टात एकही अक्षर ठळक नव्हतं. सगळ्यांनी अंगठे दिले होते. मीही दिला होता.

फिजिशियनकडे आम्ही तोच रिपोर्ट नेला. वयस्क गृहस्थ, बोलण्याआधी कागद पूर्ण वाचणारे. उपाशीपोटीची साखर ९८. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज, ५.६. एकूण कोलेस्टेरॉल १८९, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १४८, एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ११८. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि कागदाच्या कडेला शाळेतल्यासारखी वजाबाकी मांडली: १८९ मधून ४१ वजा, उरले १४८. "हा आकडा तुमच्या रिपोर्टात छापलेलाच नाही," ते म्हणाले, "आणि मला सगळ्यात आधी हाच बघायचा असतो." एकूण कोलेस्टेरॉलातून चांगलं म्हणतात ते एचडीएल वजा केलं की जे उरतं ते सगळं धमनीच्या भिंतीत शिरू शकणारं. आपल्याकडच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हा उरलेला आकडा धोका कमी असलेल्या माणसातही १३० च्या खाली असावा असं म्हटलं आहे. मग त्यांनी बाकीच्या आकड्यांवरून पेन फिरवलं. साखरेची रेषा १००, हा ९८. ट्रायग्लिसराइडची १५०, हा १४८. पुरुषांच्या एचडीएलची खालची रेषा ४०, हा ४१. एचबीएवनसीला ५.७ पासून मधुमेहाची पूर्वावस्था धरतात, हा ५.६. "एकेक आकडा रेषेच्या आत आहे," ते म्हणाले, "पण सगळेच्या सगळे रेषेला खेटून उभे आहेत."

हे वाक्य ऐकताना माझ्या पोटात काहीतरी हललं. रिपोर्ट आम्ही एकेका ओळीने वाचला होता. सगळ्या ओळी एकत्र वाचायच्या असतात हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं, आणि कागदाच्या मांडणीतही ते कुठे दिसत नाही.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात चरबी साठायला लागली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर ताब्यात ठेवतं. असं वर्षानुवर्षं चालतं, म्हणून साखरेचा आकडा साधारण शेवटी हलतो. त्याच्या खूप आधी यकृत रक्तात जास्त ट्रायग्लिसराइड सोडू लागतं, एचडीएल खाली येतं, आणि एलडीएलचे कण लहान होतात, संख्येने वाढतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी, पण कण जास्त. रिपोर्टातलं एलडीएल कणांमधलं कोलेस्टेरॉल सांगतं, कण किती आहेत हे सांगत नाही. कण मोजायचे तर ॲपो-बी नावाचं प्रथिन तपासावं लागतं, कारण अशा प्रत्येक कणावर ॲपो-बीचा एकच रेणू असतो. धाकटा हे सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे आमच्या कुळागरातल्या पाटात गाळ साचतो तसं?" डॉक्टरांनी मान हलवली. "गाळ पाटाच्या तळाशी बसतो, पाणी अडवतो, डोळ्यांना दिसतो. हे भिंतीच्या आत शिरतं." तिथे त्या कणांना पेशी गिळतात, फुगतात, मरतात, आणि हळूहळू भिंतीच्या पोटात गोळा तयार होतो. धमनी आतून अरुंद होण्याऐवजी आधी बाहेरच्या बाजूला फुगत जाते. शिकागोच्या सेमूर ग्लॅगोव्ह यांनी १९८७ साली हे दाखवून दिलं: भिंतीतल्या साठ्याने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत रक्ताची वाट जवळपास तेवढीच राहते. म्हणून धाप लागत नाही, छातीत दुखत नाही, ट्रेडमिलची चाचणी चांगली येते. म्हणून माणूस फुटबॉल खेळू शकतो.

कुळागराचं, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेचं, नाव निघालं आणि मला आजोबा आठवले. उजाडायच्या आधी खांद्यावर फावडं घेऊन पाट सोडायला जायचे. एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी वळवताना त्यांच्या पायाच्या नळ्या चिखलाने माखलेल्या असायच्या. पोफळींसारखेच उंच, हडकुळे. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि आंब्याचं लोणचं, दुपारी शीत-कडी, मासळी मिळाली तर मिळाली. मी चौथीत होते तेव्हा ते त्याच कुळागरात गेले. "छातीत कळ आली आणि बसले ते बसलेच," असं आजी सांगायची. पन्नाशीही पुरती उलटली नव्हती. त्यांचं रक्त कधी कुणी तपासलं नाही, कारण लिहिलं गेलं नाही. ते विडी ओढायचे, हेही खरं. पण घरात पुढे जी समजूत रुजली ती अशी, की एवढा काटक, कष्टाचा माणूस गेला म्हणजे ते नशीबच. हृदयाचा आजार सुटलेल्या पोटाच्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसांचा, आपल्याकडच्या बारीक माणसांचा नव्हे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही समजूत कितीतरी वर्षांपूर्वी खोटी ठरवली आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन या डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणारी बाळंही त्यांनी मोजली: वजनाला सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधली ३.५ किलो, आणि इतकी लहानखुरी असूनही आपल्या बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. कमी पडतात ते स्नायू. हे वाचल्यावर मी आजोबांचा एकुलता फोटो काढून बघितला. काखेत छत्री, धोतर, बरगड्या दिसतील इतके बारीक. त्या शरीराच्या आत काय चाललं होतं ते फोटोवरून कळायचा काही मार्ग नाही, आणि तरीही मी बराच वेळ बघत राहिले.

मग सवयीने मी शोधत गेले. रात्री सगळं आवरल्यावर जे मिळेल ते वाचायचं. स्पेनमध्ये, माद्रिदला, एका बँकेच्या चार हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०१० पासून चालू आहे. पेसा नावाने तो ओळखला जातो, प्रमुख व्हॅलेंतिन फुस्तेर. वय चाळीस ते चोपन्न, हृदयाचा कसलाही त्रास नसलेली माणसं, म्हणजे नेमकी धाकट्यासारखी. त्यांच्या माना, पोटातली महाधमनी, जांघा सोनोग्राफीने पाहिल्या, हृदयाचा सीटी केला. ६३ टक्क्यांत कुठे ना कुठे हा आजार सापडला. सगळ्यात जास्त कुठे, तर पोटाच्या खालच्या भागातून मांड्यांकडे जाणाऱ्या धमन्यांत, ४४ टक्क्यांत. जांघेत! त्या पडद्यामागे धाकट्याच्या धमनीत जे दिसलं ते दुर्मीळ काही नव्हतं. बहुतेकांच्या जांघा कुणी बघतच नाही, एवढंच. पुढे २०१७ साली त्यांनी फक्त अशी माणसं निवडली ज्यांचं रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सगळं रूढ मर्यादेत होतं आणि जी सिगारेट ओढत नव्हती. त्यांतल्याही जवळजवळ निम्म्यांच्या धमन्यांत प्लाक होता, आणि एलडीएल जसजसं वर, तसतसं प्रमाण वाढत जात होतं. मधुमेह नसलेल्यांमध्येही एचबीएवनसी वरच्या बाजूला सरकलेलं असेल तर आजार जास्त ठिकाणी पसरलेला सापडतो, हे त्याच अभ्यासातून २०२१ साली पुढे आलं. त्याहून जुनी गोष्ट १९५३ ची. कोरियाच्या युद्धात मेलेल्या तीनशे अमेरिकन सैनिकांची हृदयं अमेरिकी लष्कराच्या डॉक्टरांनी उघडून पाहिली. सरासरी वय बावीस. पाऊणशे टक्क्यांहून जास्त जणांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. बावीस वर्षांची मुलं, लढायला निवडलेली.

कुठल्या रेषेवर आजार सुरू होतो, हा प्रश्नच त्यानंतर मला चुकीचा वाटू लागला. धमनीला रेषा माहीत नसते. तिच्या भिंतीवर किती कण, किती वर्षं आदळत राहिले याचा हिशेब तिथे साठत जातो. ९८ आणि १०२ यांच्यामध्ये रेषा आपण आखतो, कारण उपचार कुणाला द्यायचे ते कुठेतरी ठरवावं लागतं. ते आवश्यकही आहे. पण त्या रेषेच्या अलीकडे उभ्या माणसाला आपण 'काही नाही' असं सांगून घरी पाठवतो, ते मला आता ऐकवत नाही.

आणि आपल्या गोव्यात तर नाहीच. आयसीएमआरने देशभर मधुमेहाची जी पाहणी केली ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. देशाचा आकडा ११.४ टक्के, गोव्याचा २६.४, सगळ्या राज्यांत जास्त. प्रौढांत चौघांमागे एकाहून अधिक. हे वाचून आमच्याकडे कुणाला फारसा धक्का बसला नाही, कारण प्रत्येक घरात साखरेच्या गोळ्यांचा डबा आहेच. बाबा कित्येक वर्षं इन्सुलिन घेतात. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की दारात जायचं, गरम पाव हातात घ्यायचा, ही आमच्या तोंडाला लागलेली सकाळ. पूर्वी कोंड्याची पोई जास्त असायची, आता पांढरा मैदा. बाबा तिस्कच्या नाक्यावर भाजी-पाव खाऊन, शिवाय घरी येऊन नाश्ता करायचे. संध्याकाळी मिरची भजी. यात वाईट काही वाटावं असं कुणालाच वाटलं नाही, मलाही अजून वाटत नाही. त्या पावाचा वास आला की आजही मी लहान होते. देवळाच्या उत्सवातल्या नाटकाच्या तालमींना मी जाते, कारण प्रॉम्प्टिंग माझ्याकडे असतं. सभामंडपात रात्री दहानंतर चाळिशी-पंचेचाळिशीतली मंडळी दिवसभराचं काम करून येतात, भज्यांचा पुडा उघडतो, गोड चहा फिरतो, आणि मग तलवार उपसून स्वगत म्हणतात. यंदा मी त्यांच्याकडे बघताना संवाद विसरत होते. कुणाच्या सदऱ्याखाली पोटाचा नगारा दिसतो, कुणी अगदी सडपातळ. नव्वद सेंटिमीटर ही आपल्याकडच्या पुरुषांच्या कमरेची मर्यादा, बायकांची ऐंशी. धाकट्याची एक्क्याण्णव निघाली होती, आणि त्याला आम्ही बारीक म्हणतो.

झटका आल्यावर काय करायचं ते गोव्यात आता चांगलं बसलं आहे, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. २०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या स्टेमी (हृदयाची धमनी बंद पडून येणारा मोठा झटका) योजनेमुळे गावच्या आरोग्य केंद्रात ईसीजी निघतो, तो लांबून वाचला जातो, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच मिळतं आणि माणसाला बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेतात. आजोबांच्या वेळी यातलं काही असतं तर, हा विचार मनात येतोच. पण ती धावपळ शेवटच्या तासाची. त्याआधीची वीस वर्षं त्या माणसाच्या रिपोर्टात होती, ठळक न झालेल्या अक्षरांत.

धाकट्याला हे कळून बरं वाटलं असेल असं कुणी समजू नये. पहिले काही आठवडे तो गप्प होता. रात्री झोपताना छातीवर हात ठेवून ठोके मोजतो, असं भावजय म्हणाली. ती ताटात वाटी मोजून भात वाढू लागली. एका दुपारी त्याने ताट बाजूला सारलं. "मी आजारी नाही. तुम्ही मला आजारी करून ठेवलंय." मला त्याचा राग आला नाही. जानेवारीत हाच माणूस दहा जणांना चुकवून गोल मारत होता, आणि शरीरात तर कणभरही बदल झाला नव्हता. बदलली ती कागदावरची एक ओळ. निरोगीपणा हीसुद्धा माणसाची कमाई असते, ती अशी हातातून काढून घेणं सोपं नाही. डॉक्टरही याबाबतीत सावध होते. उठसूट सगळ्यांच्या जांघा-माना तपासत सुटायला त्यांचा विरोध आहे. हृदयातलं कॅल्शियम मोजणारा सीटी निर्णय अडला असेल तेव्हाच, कारण चाळिशीत तो शून्य आला तरी कॅल्शियम न धरलेला मऊ प्लाक असू शकतो, आणि माणूस खोट्या भरवशावर राहतो. रक्त मात्र नीट वाचा, आणि घराण्याचा इतिहास विचारा, यावर त्यांचा भर. तरीही मला कुणी विचारलं, हे कळलं नसतं तर बरं झालं असतं का, तर माझं उत्तर ठाम आहे. कळलं ते बरं झालं. भीती आठवड्यांत ओसरते. हाताशी असलेली वर्षं गेली की परत मिळत नाहीत.

ॲपो-बी ११२ आलं, डॉक्टरांना हवं होतं त्यापेक्षा बरंच जास्त. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच आणखी एक कण, ८४ आलं. पन्नासच्या वर म्हणजे धोका वाढलेला. हे लायपोप्रोटीन-ए नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ साली शोधलं. ते खाण्यापिण्यावर जवळजवळ अवलंबून नसतं, जन्मासोबत येतं आणि आयुष्यभर तेवढंच राहतं, म्हणून एकदा तपासलं की पुरतं. २०२४ च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येकाने ते एकदा तरी तपासावं असं म्हटलं आहे. ते कमी करण्याचं सोपं औषध आज हातात नाही, म्हणून बाकीचं जे हातात आहे ते अधिक काटेकोरपणे खाली आणायचं. रोज रात्री कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनची एक गोळी. संध्याकाळच्या पावाऐवजी कधी चणे, कधी नाचण्याचं तिझन, बिनगुळाचं. तळलेल्या तारल्यांऐवजी तारल्यांचं हुमण, म्हणजे कालवण. नारळावरून घरात मोठं रण माजलं, आई तर डॉक्टरांवरच रागावली. शेवटी तडजोड झाली ती अशी की हुमणातला नारळाचा रस मापात चालेल, खोबरेलात तळण बंद. पोटरी भरून आल्यावर डॉक्टरांनी त्याला खेळायला परवानगी दिली, उलट खेळच म्हणाले.

लायपोप्रोटीन-ए आजोबांकडून आलं की दुसऱ्या कुठून, ते आता कळणार नाही. आम्हा भावंडांनी मात्र तपासून घेतलं. रक्त न्यायला घरी मुलगा आला, उपाशी राहायची गरज नाही म्हणाला, आणि आईने त्यालाच चहा-बिस्किटं खायला बसवलं. माझं कमी निघालं. थोरल्या बहिणीचं धाकट्याहून जास्त. एका आईबापांची मुलं आणि एवढा फरक. ती आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही, आता तिचंही औषध सुरू आहे. राहिला पुतण्या. सतरा वर्षांचा, बापासारखाच लेफ्ट विंगला खेळणारा. बापाकडून ते त्याच्यात उतरलं असण्याची शक्यता निम्मी. माझं म्हणणं, आत्ताच बघू या. गोळ्या द्यायला नव्हे, पण जास्त निघालं तर त्याला निदान विडी-सिगारेटचा नाद लागायच्या आधी सांगता येईल. भावजय म्हणते, त्याला खेळू दे, एवढ्यात त्याच्या डोक्यात हे घालू नका. धाकटा दोघींच्या मध्ये गप्प बसतो. काल भावजयीने बारावीची परीक्षा होऊ दे म्हणून सांगितलं. मी म्हटलं, बरं, परीक्षा होईपर्यंत मी विषय काढत नाही.